शिकलगाराचे पिस्तूल

आमचे आडनाव शिकलगार. अरबीतल्या 'सैकल' म्हणजे चकाकी देणे या शब्दावरून ते आलेले. तलवारीचा गंज काढायचा, धार लावायची, पाते आरशासारखे करून द्यायचे, हा आमच्या घराण्याचा पिढीजात धंदा. दसरा जवळ आला की खंडेनवमीच्या पूजेसाठी गावोगावचे पाटील-देशमुख आमच्या आजोबांच्या ओट्यावर शस्त्रे आणून ठेवीत. अब्बांच्या काळात तलवारी गेल्या, विळे आणि कात्र्या उरल्या. आम्हा दोघा भावांच्या वाट्याला नोकऱ्या आल्या. पण हाताची खाज कुठे जाते? सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात हिंडून आम्ही तलवारींच्या मुठी, एक कट्यार, दारू ठेवायचे शिंग, तोड्याच्या बंदुकीची मोडकी नळी असे काहीबाही जमवले. कमी होते ते एक चकमकीचे पिस्तूल.

अम्मीला हे कळले तेव्हा ती घाबरली. "ये सब ठीक था रे, पर पिस्तूल कायकू? अपना नाव देखो, जमाना देखो."

तिचे चुकत नव्हते. दुसऱ्या कुणी जुने पिस्तूल शोधले तर तो छंद. आम्ही शोधले तर लोक दोनदा वळून बघणार. म्हणून आम्ही आधी पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी आमचे नाव लिहून घेतले, वर पाहिले आणि विचारले, "कशाला पाहिजे?" आम्ही म्हणालो, "शिकलगार आहोत साहेब, बाकीचं सगळं आहे, हेच नाही." ते थोडे हसले. 1959 च्या शस्त्र कायद्याचे 45 वे कलम त्यांनीच काढून दाखवले. जुन्या काळचे, दुरुस्त करूनही ज्यातून गोळी सुटणार नाही असे हत्यार असेल तर हा कायदा त्याला लागू होत नाही. "पण आणाल ते आधी इथे दाखवा," ते म्हणाले. आम्हालाही तेच हवे होते.

मग शोध सुरू झाला. आम्हाला उत्तम राखलेले पिस्तूल हवे होते, आणि उत्तम म्हणजे लखलखीत, अशी आमची धंद्यातून आलेली समजूत. एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याने मखमलीतून तसेच एक काढले. पितळ सोन्यासारखे, नळी चांदीसारखी. चापाच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर ईस्ट इंडिया कंपनीचा हृदयाच्या आकाराचा शिक्का आणि खाली 1821 साल. भावाने माझ्या पायावर पाय दिला. कंपनीने 1808 मध्ये चापावरचा तो शिक्का सोडला होता. त्यानंतर तिथे मुकुट धरलेला सिंह येऊ लागला. शिवाय सगळे स्क्रू एका मापाचे, यंत्रावर कापलेले. जुन्या कारागिराचा प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या भोकातच बसतो. आम्ही "सोचके बताते" म्हणून उठलो.

दुसरीकडे खरे पिस्तूल मिळाले, पण कुणीतरी ते घासून घासून असे साफ केले होते की शिक्का, कारागिराची खूण, सारे पुसले गेले होते. अस्सल होते, पण मुके. त्या दिवशी परतताना आम्ही एसटीत गप्पच होतो. हा गुन्हा आमच्याच धंद्याचा होता.

शेवटी अब्बांनी एका गावाचे नाव सांगितले. वाड्यात नव्वदीला टेकलेले देशमुख बसले होते. "शिकलगारांची पोरं ना? बसा." माळ्यावरून त्यांनी फडक्यात बांधलेले पिस्तूल मागवले. नळी तपकिरी-काळी. दस्त्याला चीर, तिच्यावर पितळेची पट्टी. चापावर, काळ्या थराखाली, मुकुट धरलेला सिंह. नळी मागच्या बाजूला फाटलेली. ती आता कधीच उडणार नव्हती. "ही पट्टी तुमच्या आज्यानं मारली," देशमुख म्हणाले. "घासू का म्हणाला होता. माझे वडील म्हणाले, राहू दे."

आजोबांनी तेव्हा हात आवरला, म्हणून आज तो सिंह दिसत होता.

ते पैसे घेईनात. आम्ही हट्टाने दिले आणि पावती लिहून घेतली. ठाण्यात पिस्तूल दाखवले, फाटलेल्या नळीचे फोटो दिले, पोच घेतली.

शाळेच्या नाटकात आम्हाला नेहमी अफझलखानाचेच काम मिळे. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना लढवून पुढे कैदेत जीव देणाऱ्या इब्राहिमखान गारद्याचे काम कुणी लिहिलेच नव्हते. इतिहासही असाच घासला जातो. कुणाला तो लखलखीत हवा असतो, आणि घासताना आमच्यासारख्यांच्या खुणा आधी जातात.

पिस्तूल आता कपाटात आहे, शेजारी पावती आणि ठाण्याची पोच. तांबडा, खाणारा गंज दिसला तर आम्ही तेलाच्या बोळ्याने हळूच टिपतो. काळ्या थराला हात लावत नाही. ईदला पाहुणे आले की अम्मीच कपाट उघडते. कुणी म्हणाले, "शिकलगार के घर में ऐसा काला?" तर तीच सांगते, "रहने दो. वो पट्टी देखो, इनके दादा ने मारी है."