जुन्या पेटीतले घोडेस्वार

दोस्तांनो, आमच्या पुण्याच्या घरी काचेच्या कपाटात एक घोडेस्वार उभा असायचा. उंची तुमच्या मधल्या बोटाएवढी. डोक्याला फेटा, घोड्याचा एक कान तुटलेला आणि स्वाराचा उजवा हात खांद्यापासून गायब. आजोबा त्याला ‘थोटे सरदार’ म्हणायचे. दिवाळीच्या किल्ल्यावर आम्ही मातीचे मावळे मांडायचो, तेव्हा सरदारांना खाली आणा म्हणून मी दरवर्षी हट्ट करायची. आजोबा दरवर्षी नाही म्हणायचे.

त्याला कारण होतं. माझे पणजोबा लष्कर भागात एका इंग्रज अधिकाऱ्याच्या कचेरीत कारकून होते. १९४७ साली तो साहेब कुटुंबासह मायदेशी निघाला, तेव्हा त्याच्या मुलाची खेळण्याची एक लाल पेटी आजोबांना मिळाली. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे. पेटीत पाच घोडेस्वार होते. पुढे १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. आमचं घर नदीजवळ, शनिवार पेठेत. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना पाचांपैकी हा एकटा हाती लागला. पेटी गेली, चौघं गेले, ह्याचा हात गेला.

२००९ साली नोकरीच्या निमित्ताने मी इंग्लंडमध्ये लीड्सला गेले. जाताना सरदारांचे फोटो काढून घेतले, अगदी खालून-वरून सगळे. तिथे एका रविवारी जुन्या खेळण्यांचा बाजार भरला होता. एका म्हाताऱ्या विक्रेत्याला मी ते फोटो दाखवले. त्याने बाकी सगळे बाजूला सारले आणि घोड्याच्या पोटाखालचा फोटो डोळ्यांजवळ धरला. म्हणाला, “ब्रिटन्स. संच क्रमांक ६६. फर्स्ट बॉम्बे लान्सर्स.”

मी उडालेच! आमचे सरदार मुंबईचे निघाले. म्हणजे पलटण मुंबईची, जन्म लंडनचा.

त्या आजोबांनी (हे लीड्सचे आजोबा) मला मग सगळं पुराण सांगितलं. पूर्वी शिशाचे सैनिक जर्मनीतून यायचे. ते भरीव असायचे, म्हणून जड आणि महाग. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या घराण्याने एक युक्ती काढली. साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं. साच्याला टेकलेला थर लगेच गोठतो. आतलं शिसं पातळ असतानाच साचा उलटा करून ते एका बारीक भोकातून बाहेर ओतून टाकायचं. राहिला तो पोकळ सैनिक, हलका आणि स्वस्त! पायदळाचा सैनिक ५४ मिलिमीटर उंच. पायदळाच्या पेटीत साधारण आठ जण, घोडदळाच्या पेटीत पाच. सुरुवातीच्या काही वर्षांनंतर तळाला किंवा घोड्याच्या पोटाला कागदी चिठ्ठी चिकटवू लागले, आणि पुढे कंपनीचं नाव धातूतच उमटवू लागले. शिशाचे सैनिक करणं त्यांनी १९६६ साली थांबवलं. शिसं विषारी, आणि मुलं काय, खेळणं आधी तोंडातच घालतात. (असा सैनिक तुमच्या हाती आला तर नंतर हात साबणाने धुवा बरं का.)

“तुझा हा अस्सल आहे,” ते म्हणाले. “ओळखायचं असेल तर नेहमी पोट बघ. चेहरा कुणीही रंगवतो.”

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. आजोबांना पाच स्वार पुन्हा मिळाले तर?

मी इंटरनेटवरच्या लिलावांत शोधू लागले. रोज रात्री जेवण झालं की तेच. आणि २०१० च्या फेब्रुवारीत एक दिवस ते दिसले. मजकूर मराठीत सांगायचा तर असा होता: ‘ब्रिटन्स कंपनीची मूळ लाल पेटी. आत पाच बॉम्बे लान्सर्स. जुन्या घराच्या माळ्यावरचा ऐवज. सुंदर रंग. असा योग पुन्हा येत नाही. मला यातलं फारसं कळत नाही, फोटो पाहून आपणच ठरवावे.’ फोटो तीन. तिन्ही समोरून काढलेले, थोडे धूसर. पेटीवरच्या छापील चिठ्ठीचा अर्धा भाग विक्रेत्याच्या अंगठ्याखाली.

आता तुम्ही म्हणाल, ताई, इतकं स्पष्ट दिसत असताना तुला कळलं कसं नाही? खरं सांगू? मला धूसर फोटोत आजोबांचा चेहरा दिसत होता. ‘मला फारसं कळत नाही’ ह्या वाक्याने तर मी अगदी खूश झाले होते. वाटलं, बिचाऱ्याला किंमत ठाऊक नाही, आपल्याला स्वस्तात मिळणार! म्हणजे बघा, मला फसवलं जात होतं तेव्हा मी मनातल्या मनात त्याला फसवत होते.

शेवटची दोन मिनिटं नुसता गोंधळ. कुणीतरी एक पौंड वाढवला की मी दोन वाढवायची. हात थरथरत होते. ५० वर थांबायचं ठरवलं होतं, ९२ ला लिलाव सुटला. तेव्हाचे सुमारे साडेसहा हजार रुपये. समोरून बोली वाढवणारा खरा गिऱ्हाईक होता की विक्रेत्याचाच माणूस, देव जाणे. आपल्याच वस्तूवर आपणच बोली लावून भाव चढवणं तिथे गुन्हा आहे. त्याच वर्षी ब्रॅडफर्डच्या न्यायालयाने अशाबद्दल एकाला दंडही केला. पण माझ्या बाबतीत तसं झालं असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे पुरावा नाही.

आठवड्याने पार्सल आलं. उचललं आणि पोटात गोळाच आला. फारच जड! पोकळ सैनिक इतके जड कसे? उघडलं तर ताज्या रंगाचा वास. घोड्यांची पोटं उलटी करून पाहिली. कोरी करकरीत, नाव नाही, चिठ्ठी नाही, ओतकामाचे बुडबुडे तेवढे होते. कुणीतरी अस्सल स्वारावरून साचा काढून भरीव स्वार ओतले होते आणि चकचकीत रंगवले होते. पेटी मात्र खरी. अंगठा बाजूला झाल्यावर चिठ्ठी पूर्ण वाचता आली. पेटी पायदळाच्या आठ सैनिकांची होती.

रागाने लाल होऊन मी जाहिरात पुन्हा उघडली. म्हटलं, खोटं पकडते. एकेक वाक्य वाचलं. मूळ पेटी? होती. आत पाच स्वार? होते. माळ्यावरचा ऐवज? पेटी असेलच माळ्यावरची. सुंदर रंग? होताच की! स्वार जुने आहेत असं त्याने कुठेही लिहिलं नव्हतं. जुनेपणा पेटीपासून सुरू झाला होता आणि माझ्या डोक्यात स्वारांवर पसरला होता. मी पत्र पाठवलं. उत्तर आलं दोन ओळींचं: जे होतं तेच लिहिलं आहे, शंका होती तर आधी विचारायचं.

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. पुढची पहिल्यांदाच सांगते.

मी तेच स्वार पुन्हा लिलावाला लावले. ९२ पौंड बुडाले होते, घरभाडं जवळ आलं होतं. आणि मजकूर लिहायला बसले तेव्हा जाणवलं, ही कला मलाही येतेय. ‘मूळ लाल पेटी. आत पाच बॉम्बे लान्सर्स. घरातली जागा रिकामी करायची आहे.’ एकही शब्द खोटा नाही! फोटो समोरून काढले. आणि हो, पेटी धरताना अंगठा... तिथेच ठेवला.

तिसऱ्या दिवशी बोली ६० वर गेली. त्याच रात्री कुणाचा तरी निरोप आला. एकच ओळ: “घोड्याच्या पोटाखालचा फोटो टाकाल का?”

मी उत्तर दिलं नाही. उद्या देऊ म्हटलं. उद्याही दिलं नाही.

रविवारी नेहमीप्रमाणे घरी फोन केला. आजोबा म्हणाले, “काय गं, सरदाराला सोबती मिळणार होते ना? कुठवर आले?” त्यांना फसवणुकीचं सांगितलं नव्हतं, ते सांगून टाकलं. ते हसले. म्हणाले, “जाऊ दे. पुरात गेले ते गेले. मग त्या खोट्यांचं काय केलंस?”

“विकायला काढलेत.”

“बरं केलंस. काय लिहिलंस?”

मी जाहिरात वाचून दाखवू लागले. दुसऱ्या वाक्याला माझीच जीभ अडखळली. तिकडून आजोबा काही बोलले नाहीत. लांबचा फोन, मिनिटाला पैसे पडतात, म्हणून ते नेहमी भराभर बोलायचे. त्या दिवशी बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. मग म्हणाले, “तुझी आई बोलतेय बघ,” आणि फोन आईकडे दिला.

त्या रात्री मी लिलाव बंद केला. नव्याने लिहिलं: स्वार अलीकडे ओतलेले, भरीव, नवीन रंगाचे. पेटी जुनी पण दुसऱ्या संचाची. खालून काढलेले पाच फोटो टाकले, अंगठा बाहेर. ज्याने पोटाचा फोटो मागितला होता त्याला ‘उशिराबद्दल क्षमा’ म्हणून कळवलं. त्याचं उत्तर आलं नाही. स्वार आणि पेटी मिळून २१ पौंडांना गेले. घेणाऱ्याला रंगकामाचा सराव करायला स्वार हवे होते. त्या महिन्यात मी बाहेर एकदाही जेवले नाही, एवढं खरं.

आता आपल्याकडेही हे सुरू आहेच. ‘जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. काहींनी तर रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून लोकांकडून दलाली मागितली. शेवटी २०२१ साली बँकेला जाहीर करावं लागलं की आम्ही असल्या व्यवहारात नसतो आणि दलाली घेत नाही. तुमच्यापैकी कुणी नाणी, तिकिटं, जुन्या छोट्या मोटारी जमवत असेल, तर खालचा फोटो मागा, वजन विचारा, आणि उत्तराला उशीर झाला तर का झाला असेल ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

पुढच्या वर्षी त्याच बाजारात मी लीड्सच्या आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी दुकानाखालून एक खोकं ओढलं आणि चिंधीत गुंडाळलेला एक स्वार काढला. “हा ६६ चाच. मान मोडली होती, आत आगकाडी घालून चिकटवली आहे. भाला अर्धा आहे. रंग मूळचा.” मी न विचारता त्यांनी तो उलटा करून दाखवला. १२ पौंड.

२०११ च्या दिवाळीला मी घरी आले. पार्सल उघडल्यावर आजोबांनी चष्मा लावला, स्वार हातात घेतला आणि आधी घोड्याचं पोट पाहिलं. मग आगकाडीची मान पाहिली. मग बराच वेळ काहीच पाहिलं नाही.

संध्याकाळी खाली मुलांचा किल्ला तयार झाला होता. आजोबा दोन्ही स्वार घेऊन जिना उतरले. त्यांनी किल्ल्याच्या दरवाजाशी एका बाजूला थोटे सरदार आणि दुसऱ्या बाजूला आगकाडीवाले ठेवले आणि स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसले. शेजारचा सात वर्षांचा पोरगा मावळ्यांची रांग लावत होता. त्याने संशयाने विचारलं, “आजोबा, हे कुणाच्या बाजूचे?”

“आपल्याच,” आजोबा म्हणाले. “पण हात लावू नकोस. आणि लावलास तर साबणाने धू.”