पानसुपारीची जागा

मु. पो. वाई, जि. सातारा
कार्तिक वद्य पंचमी

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुमचे पत्र पोचले. ताईचा विवाह नोंदणी पद्धतीने पुण्यासच लागावा आणि स्वागतसमारंभ मात्र वाईस, कृष्णेच्या काठी, सुंदर परंतु खिशाला झेपेल अशा जागी व्हावा, ही उभयपक्षांची इच्छा वाचून समाधान वाटले. आणि ती जागा मीच हेरून ठेवावी ही तुमची आज्ञा वाचून त्या समाधानाला थोडी धास्तीही चिकटली, कारण ‘सुंदर’ आणि ‘परवडणारी’ ही दोन विशेषणे एकाच जागेला लावू पाहणाऱ्या वधुपित्यांची तारांबळ मी या गावात पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे.

पुण्यास लग्न लावण्याचा विचार कायद्याला धरूनच आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे वधूवरांपैकी एकाचे तरी वास्तव्य ज्या जिल्ह्यात लगतचे निदान ३० दिवस असेल, तेथीलच विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, आणि तिची ३० दिवसांची मुदत सरल्यावर तीन साक्षीदारांसमक्ष विवाह लागतो. तेव्हा ते काम पुण्याच्या कचेरीतच व्हायचे. परंतु त्यामुळे इकडच्या समारंभाला मुहूर्ताचा पाश उरलेला नाही, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली सर्वांत मोठी बचत तिथेच दडलेली आहे. तुळशीचे लग्न लागले की ज्या ज्या तारखांखाली पंचांगकर्ते विवाहमुहूर्त छापतात, त्या त्या तारखांना कार्यालयाचा मालक भाडे सांगतो आणि आपण ते निमूट ऐकून घ्यायचे असते. उलट पंचांगाने ज्या दिवशी मौन धरले असेल, त्या दिवसाविषयी विचारायला जावे, तर तोच मालक खुर्ची पुढे करतो, चहा मागवतो आणि “तुमच्या मनात काय आहे ते तर सांगा” म्हणतो. आपल्याकडे पौषात सहसा लग्ने करीत नाहीत. म्हणून समारंभ पौषातल्या एखाद्या बुधवारी वा गुरुवारी करावा, अशी माझी स्पष्ट सूचना आहे. माघ लागला की इथे घाटाघाटांवर कृष्णाबाईचे उत्सव सुरू होतात आणि मग मांडववाला, आचारी, वाढपी यांपैकी कुणीही हाती लागत नाही. वैशाखात संध्याकाळी वळवाचा भरवसा नसतो. चातुर्मास पौषाइतकाच स्वस्त खरा. पण गणपतराव रास्त्यांनी १७६२ साली ढोल्या गणपतीचे देऊळ बांधले तेव्हा पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची करविली, आणि ज्या नदीची एवढी धास्ती देवाच्या घरासाठी बाळगावी लागली, तिच्या काठी श्रावणात मंडळी जमवण्याचे साहस निदान मी तरी अंगावर घेणार नाही.

तारखेइतकीच महत्त्वाची पाहुण्यांची संख्या, आणि ती तुम्ही ‘दोनशे-अडीचशे’ अशी मोघम लिहिली आहे. वहिनी, या दोन आकड्यांमधल्या पन्नास माणसांचे ताट पाचशे रुपयांचे धरले, तर पंचवीस हजार होतात, आणि मी पुढे ज्या जागेविषयी लिहिणार आहे तिचे भाडे भागून त्यातून बरीच रक्कम शिल्लक उरते. यादी आधी, जागा नंतर, हा क्रम सोडला की माणूस मोठे सभागृह ठरवतो आणि मग ते रिकामे दिसू नये म्हणून माणसे शोधत हिंडतो. २०२० साली सरकारने लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी ठेवली होती. त्या वर्षी लागलेले संसार काही कमी भरभक्कम उभे राहिलेले नाहीत.

आता जागांविषयी. महामार्गाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत जी ‘लॉन्स’ झाली आहेत, ती मी पाहून आलो. जागा प्रशस्त, गाड्या उभ्या करण्याची सोय उत्तम, परंतु प्लास्टरचे हत्ती, प्लास्टरचेच हंस आणि जांभळ्या दिव्यांनी उजळलेले कारंजे यांच्या मधोमध बसून ताईला आपण वाईत आहोत की अन्य कुठे, याचा पत्ता लागणार नाही. शिवाय तिथे सारे ‘पॅकेज’मध्ये असते: आचारी त्यांचा, सजावट त्यांची, आणि आपला आचारी आणावा म्हटले, तर एक दंडवजा रक्कम भरावी लागते, जिला तेथील व्यवस्थापक ‘रॉयल्टी’ असे राजेशाही नाव देतात. भाड्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, तो वेगळाच.

ताईच्या मनात वाडा आहे, हे मला ठाऊक आहे. ‘स्वदेस’ चित्रपटात मेणवलीचा घाट पाहिल्यापासून पुण्यामुंबईच्या मुलांना इकडचे चौसोपी वाडे आणि काळ्या दगडाच्या पायऱ्या यांची मोहिनी पडली आहे, आणि ती अनाठायीही नाही. नाना फडणवीसांचा तो वाडा, खाली उतरणारा घाट आणि चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली ती पोर्तुगीज घंटा यांच्यापुढे कोणत्याही डेकोरेटरने हात जोडावेत. पण वाडा पाहण्याची वस्तू म्हणून जितका रम्य, तितका यजमानपदाला सोयीचा नसतो. गल्ली अरुंद, उंबरठे उंच, जिने काळोखे, स्वच्छतागृह एखादेच आणि तेही परसात. मावशींचे गुडघे आणि वरपक्षाकडच्या आजोबांची काठी यांचा विचार केला, की त्या सागवानी खांबांचे काव्य ओसरू लागते. त्यात चित्रपटवाल्यांची वर्दळ वाढल्यापासून वाड्यांच्या मालकांना दिवसाचे भाडे म्हणजे काय, हे नीट उमगले आहे, आणि त्यात विजेची, जनरेटरची वा भांड्याकुंड्यांची सोय धरलेली नसते. हिशेबातली पै न् पै तपासणाऱ्या नानांच्या गावी जाऊन बेहिशेबी खर्च करणे मला तरी प्रशस्त वाटत नाही. छायाचित्रांसाठी ताईने आणि जावईबापूंनी सकाळी तिकडे अवश्य जाऊन यावे.

माझ्या मनात भरलेली जागा म्हणजे घाटालगतच्या एका देवस्थानाचे सभागृह आणि त्यापुढचे फरसबंदी आवार. सभागृह साधे, कौलारू. आवारात चिंचेचा जुना वृक्ष, त्याला बांधलेला पार, आणि पलीकडच्या कमानीतून नदी दिसते. तिथे सजावट म्हणून झेंडूच्या माळा आणि पारावर समया एवढे पुरे. ज्या जागेला स्वतःचे रूप आहे तिला नटवायला पैसे लागत नाहीत, आणि जिला ते नाही, तिच्यावर ओतलेले पैसे दुसऱ्या दिवशी मांडववाल्याच्या टेंपोतून परत जातात. भाडे दिवसाला दहा हजारांच्या आत आहे, आणि धर्मादाय नोंदणी असलेल्या न्यासाच्या सार्वजनिक धर्मस्थळाच्या आवारातील अशा जागेला त्या मर्यादेखाली वस्तू व सेवा कर लागत नाही, असे तेथील मुनीमांनी नियम दाखवून सांगितले. आचारी आपला चालतो.

अडचण एकच, पण ती नाजूक आहे: तिथे सामिष अन्न वर्ज्य, आणि आपले व्याही कोल्हापूरचे! तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावाचून त्यांची पाठवणी करणे हा व्याहीधर्माचा भंग होईल, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. म्हणून माझी तजवीज अशी, की दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडच्या पंचवीस-तीस मंडळींचे जेवण आपल्या मळ्यातल्या घरी करावे. चूल, पातेली आणि रस्सा करणारा माणूस यांचा बंदोबस्त माझ्याकडे. आणि देवस्थानाच्या आवारात जेवणावळ न घालता, आपल्या लहानपणी होत असे तशी पानसुपारी करावी. संध्याकाळी पाचाला मंडळी यावीत, दाराशी गुलाबपाणी शिंपडावे, मनगटाला अत्तर लागावे. बशीत सातारी कंदी पेढा, मटारच्या करंज्या आणि महाबळेश्वराकडून त्याच सकाळी उतरलेल्या स्ट्रॉबेऱ्या, वर आटीव मसाला दूध आणि शेवटी विडा. पौषातली वाईची थंडी आठाच्या सुमारास अंगात शिरू लागते, तोवर सारे आटोपते. ताटाच्या दराने जो खर्च लाखावर जातो, तो बशीच्या दराने निम्म्याच्याही खाली येईल. मुख्य म्हणजे नवपरिणीत जोडप्याला प्रत्येकाशी चार शब्द बोलता येतील. एरवी व्यासपीठावर रांगेने चढून, पाकीट देऊन, कॅमेऱ्याकडे पाहून, दुसऱ्या अंगाने उतरणाऱ्या पाहुण्याला आपण कुणाकडे आलो होतो हे पंगतीत बसल्यावर शेजाऱ्याला विचारावे लागते.

नातेवाईक कंजूष म्हणतील, ही तुमची शंका मी जाणतो. जोतीरावांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला त्या पद्धतीचा पहिला विवाह अल्प खर्चात लावला, तेव्हाही लोक बोललेच होते. आपल्याला तर एवढे बंड करायचे नाही. फक्त कर्ज टाळायचे आहे.

जागा तुम्हांला पसंत पडल्यास इसार देण्यापूर्वी मी करारात काही गोष्टी लिहून घेईन: आवार सकाळपासून ताब्यात मिळेल की दुपारी चारनंतर, वीज भाड्यात की मीटरप्रमाणे, अनामत किती आणि ती परत मिळण्याची मुदत कोणती, झाडलोट कुणाकडे, आणि पावसाची सर आलीच, तर सभागृहाचा मधला पडदा काढून देणार की नाही. तोंडी कबुलीवर माझा विश्वास नाही, मग ती देवस्थानाच्या मुनीमांची का असेना. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला २००० सालच्या नियमांनी बंदीच आहे, पण आपल्याला सनई-चौघड्याच्या ध्वनिमुद्रणापलीकडे काही लावायचे नसल्याने त्याची चिंता नको.

तरी वधूवरांनी नोटीस याच आठवड्यात द्यावी आणि तुम्ही पक्की यादी, गोल आकड्याशिवाय, नावानिशी पाठवावी. पौषातले दोन बुधवार आणि एक गुरुवार मी मुनीमांना तोंडी राखून ठेवायला सांगितले आहे आणि ते येत्या पौर्णिमेपर्यंतच थांबणार आहेत. ती. दादांस साष्टांग नमस्कार, ताईस अनेक आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा ही विनंती.
तुमचा दीर

ता. क. – व्याह्यांना मटण बोकडाचे लागते की बोल्हाईचे, तेवढे पोटात शिरून विचारून ठेवावे. मी विचारणे बरे दिसणार नाही.