पेनाचे अडलेले आटे

मैत्रिणींनो, लोणच्याच्या बरणीचे झाकण अडले की आपण काय करतो? आधी नुसत्या हाताने, मग फडक्याने, आणि तेही जमले नाही की पक्कड! फाउंटन पेनाचे असे झाले तर मात्र पक्कड आधी खणात ठेवून द्या. मी ती चूक केली आहे, म्हणून सांगते.

१९८६ साली लग्न होऊन मी दिंडोरीला आले. सासूबाई तेव्हा प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांच्याजवळ एक काळे, जाडसर, ड्रॉपरने शाई भरायचे पेन होते. मुलांच्या वह्या, वाण्याचा हिशेब, नणंदेला पत्र, सारे त्याच पेनाने. एका उन्हाळ्याच्या सुटीत ते महिनाभर पडून राहिले आणि मागची नळी काही फिरेना. मी नवी सून, कामसूपणा दाखवायची भारी हौस! पक्कड आणली, फडके गुंडाळले आणि पिळले. कट्टकन आवाज झाला. नळीला उभा तडा!

"असू दे," एवढेच त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून बॉलपेन वापरू लागल्या. चार शब्द बोलल्या असत्या तर बरे झाले असते, असे मला पुढे कितीतरी वर्षे वाटत राहिले.

आता त्या पंच्याऐंशीच्या घरात आहेत. बोटांचे सांधे धरतात. बॉलपेन दाबून चालवावे लागते, ते सोसत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी रोजचा हिशेब लिहिणे सोडले. नातू म्हणतो, "आजी, मोबाइलला सांग, तो लिहून घेईल." त्या हसतात, पण हिशेबाची वही अजून उशाशी असते. फाउंटन पेनाला दाबावे लागत नाही, निब नुसती टेकली की शाई आपोआप उतरते, हे माझ्या डोक्यात फार उशिरा आले बघा.

गेल्या पावसाळ्यात नाशिकला गेले होते. गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात जुन्या कुलपांच्या ढिगात तसलेच काळे पेन दिसले. निब वाकडी होती, तरी घासाघीस करून घेतले. एसटीत बसल्यावर उघडून बघते तो काय, हेही घट्ट!

घरी आले तर आमचे हे पक्कड घेऊन हजर. म्हटलं, "पुन्हा नाही हो!" आणि पेन सासूबाईंच्या हातात दिले. त्यांनी नळी अंगठ्याने खसाखसा चोळली नि नाकाशी धरली.

"रबराचा वास येतोय. एबोनाइट आहे गं. याला गरम पाणी नको, काळ्याचं तपकिरी होतं. गार पाण्यात ठेव. आणि या वेळी घाई नको."

"या वेळी" म्हणाल्या! इतक्या वर्षांत त्या पेनाचा विषय आमच्यात पहिल्यांदाच निघाला.

एबोनाइट म्हणजे रबरात गंधक मिसळून, तापवून कडक केलेला पदार्थ. चोळल्यावर कापराचा वास आला तर पेन सेल्युलॉइडचे समजावे. ते झटकन पेट घेते, म्हणून गॅस, मेणबत्ती यांच्या आसपाससुद्धा नेऊ नये. नेलपॉलिश काढायचे औषधही लावू नका, त्याने सेल्युलॉइड विरघळते.

पेन अडते ते बहुधा आट्यांत सुकलेल्या शाईमुळे. मी टोपण काढून, निब खाली करून पेन पेल्यात उभे केले. जोड बुडेल एवढेच गार पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. पेला उन्हापासून दूर ठेवला. पाणी निळे झाले की बदलायचे. निळे पाणी बघून सासूबाईंना शाळेतली शाईची गोळी आठवली, पाण्यात विरघळवून दौतीत भरायची ती. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि गोळ्या काढल्या. त्यांचाच पुढे कॅम्लिन कारखाना झाला.

तिसऱ्या संध्याकाळी पेन पुसून कोरडे केले. सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे कापले, एक पुढच्या भागाला, एक नळीला. पकड जोडाच्या अगदी जवळ हवी. निबेला हात लावायचा नाही. हिसका न देता, बरणीचे झाकण उघडतो त्याच दिशेने सावकाश जोर लावला. हलेना. मग केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा जोडाभोवती फिरवली, बोटांना सोसेल इतकीच. पुढचा भाग सासूबाईंनी धरला, नळी मी फिरवली. आधी नुसते कुरकुरले, मग अलगद सुटले!

स्वच्छ धुऊन, वाळवून आट्यांना चिमूटभर सिलिकॉन ग्रीस लावले, म्हणजे शाई गळत नाही आणि पुन्हा अडतही नाही. खोबरेल लावू नका. शाई फाउंटन पेनाचीच भरा. चित्रकलेची न पुसणारी शाई आतल्या आत वाळून पेन बंद पाडते. आणि नळी निम्म्याखाली जाऊ देऊ नका; हाताच्या उबेने आतली हवा फुगते नि कागदावर डाग पडतात.

राहिली ती वाकडी निब. सासूबाई उठल्या, कपाटातून बटणांची पत्र्याची डबी काढली आणि त्यातून पिवळसर निब माझ्या तळहातावर ठेवली. तडा गेलेल्या पेनाची!

"आई, तुम्ही ठेवलीत?"

"नळी फुटली होती. निबेला काय झालं होतं?"

ती या पेनात नीट बसली. त्यांनी वही उघडली, तारीख घातली आणि पहिल्या ओळीत लिहिले, 'कोथिंबीर, एक जुडी'. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, पुढे सांग ना, दुधाचे किती झाले?"