तारिहाळला येतेस तर

चि. मुक्ता,


तारिहाळच्या कारखान्यात तुला नोकरी लागली, वाचून फार आनंद झाला. तिथं मराठी बोलणारं कुणी भेटेल का, असं विचारतेस. भेटेल. जवळच हुबळीत जुनी मराठी घरं पुष्कळ आहेत. पण खोली बघताना ती हुडकत बसू नकोस. कानडी शेजार धर.

1 नोव्हेंबर 1956 ला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. माणसं जिथल्या तिथंच राहिली आणि त्यांची एकमेकांकडची ये-जाही. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीनं कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला जात. ते रामभाऊ कुंदगोळकर, कानडी मुलखातले, मराठी रंगभूमीवर नाव काढून गावी परतलेले. धारवाडच्या बेंद्र्यांच्या घरात मराठी बोलत. ते कानडीचे थोर कवी झाले, सोलापूरच्या कॉलेजात कानडीच शिकवत. 1973 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. त्याच वर्षीचं साहित्य अकादमी धारवाडात राहून मराठीत लिहिणाऱ्या जी. ए. कुलकर्ण्यांच्या 'काजळमाये'ला. एका गावातली ही दोन माणसं!

म्हणून मला राग येतो तो दोन-दोन पिढ्या इथं काढून 'कानडी कळतं, बोलता येत नाही' म्हणणाऱ्यांचा. शेजाऱ्यानं आपली भाषा शिकायची आणि आपण त्याची शिकायची नाही, हा कुठला शेजारधर्म?

तारिहाळात आता औद्योगिक वसाहतीच्या शेडच शेड दिसतात. पण जुन्या वस्तीत माझ्या ओळखीच्या एक अक्का राहतात. त्यांची पुढची खोली रिकामी आहे. ज्वारीची भाकरी थापावी तर त्यांनीच. हाताखाली गरगर फिरत ती इतकी पातळ होते की तव्यावर टाकताना फाटेल असं वाटतं. फाटत नाही. वरून ओलं फडकं फिरवतात, उलटतात आणि उरलेल्या धगीवर कडक करून चळत लावून ठेवतात. सोबत शेंगांची चटणी आणि भरलं वांगं. दारात कुणीही येवो, आधी 'ऊट आतेन्री?' म्हणजे जेवण झालं का, मग नाव-गाव. तुझी कानडी इथूनच सुरू होईल. चुकलीस तर हसतील, हसू देत.

अक्कांना मराठी उत्तम येतं. म्हणून त्यांना आधीच बजावून ठेवलंय, मुक्ताशी पहिले सहा महिने मराठीत एक शब्द बोलायचा नाही.

तुझी,
आत्या