भद्रावतीची माती, मगनवाडीचा हिशेब

नागपूरहून चंद्रपूरला निघालात की वरोऱ्यानंतर भद्रावती लागते. रेल्वेचे स्टेशन मात्र भांदक. इथे भद्रनागाचे देऊळ आहे, पार्श्वनाथाचे जैन मंदिर आहे आणि विजासनच्या टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी आहेत. तिन्ही जरूर पाहा. पण तेवढ्यावरच परतू नका. याच गावी कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघ उभारून कुंभारकामाला नवे बळ दिले. माती नीट मळली नाही, तर भांडे भट्टीत फुटू शकते. तिथे नुसते देवाचे नाव घेऊन भागत नाही.

कामालाच भक्ती मानणारा एक ख्रिस्ती माणूस याच रेल्वेमार्गावर, वर्ध्याच्या मगनवाडीत राहिला. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे त्यांचे नाव. जन्म १८९२ साली तंजावरचा, शिक्षण लंडन आणि न्यूयॉर्कचे, पेशा हिशेबतपासनिसाचा. १९३४ साली वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा त्याचा कारभार गांधीजींनी त्यांच्यावर सोपवला. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांत त्यांनी आपली विद्या लावली.

त्याच वर्षी बिहारात भूकंप झाला. मदतनिधीचे हिशेब कुमारप्पांकडे होते. गांधीजी आणि त्यांची मंडळी तिथे आली, तर कुमारप्पांनी स्पष्ट सांगितले, तुमच्या जेवणाखाण्याचा खर्च या निधीतून होणार नाही. पैसा भूकंपग्रस्तांचा होता. गांधीजींनी ते मानले.

१९४२ च्या लढ्यातील तुरुंगवासात त्यांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिले. येशू सुतारकाम करणारा, शिष्यांचे पाय धुणारा. मग कोणते काम हलके म्हणायचे? मधमाशीचा दाखलाही त्यांचा आवडता. ती फुलातला मध घेते, पण जाताना परागीकरण करून शेतकऱ्याचे पीक वाढवते. घ्यावे तसे द्यावे, हाच तिचा धर्म.

३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, कुमारप्पा वारले. मगनवाडीत १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जा. आणि घरी परतल्यावर गावच्या वर्गणीची किंवा बचतगटाची वही तुमच्या हाती असेल, तर तिची बेरीज पुन्हा एकदा तपासा. तीही पूजाच आहे.