घोळक्यातला मासा

वर्गातला द्वाड मुलगा एकटा बसवला की निवळतो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. पण घरच्या दोन फुटी काचेच्या पेटीत माझी मास्तरकी चालेना! धाकटीच्या लाडक्या एंजलला सोबत म्हणून मेहुण्यांनी दोन टायगर बार्ब आणून सोडले. काळ्या पट्ट्यांचे हे दांडगट त्या संथ एंजलचे लांबलचक पर कुरतडू लागले.

"अहो, त्यांना उपाशी ठेवा," सौ. म्हणाली. मी दगड हलवून पाहिले. पण तो उपाय हद्दीसाठी भांडणाऱ्या माशांचा. बार्बांना कसली हद्द!

मासेवाला म्हणाला, "गुरुजी, हा घोळक्यातला मासा. सहा-आठ असले की आपसांतच पाठलाग करून मान ठरवतात. दोनच ठेवले तर दुसऱ्याच्या शेपटीला लागतात. लांब परांचा मासा मात्र त्यांच्यात नकोच."

एंजल शेजारच्या वहिनींच्या मोठ्या पेटीत गेली. स्वच्छ पाण्यात तिचे पर हळूहळू भरून येत आहेत. धाकटी शाळेतून सुटली की आधी तिकडे जाते. आमच्या पेटीत आता सात बार्ब मजेत हुंदडतात. त्यांच्याकडे ती बघतसुद्धा नाही.