आधी दोरा तुटावा

कोल्हापूरच्या गुजरीतल्या दुकानात साज मांडलेला दिसतो, त्यावर नाव असतं सराफाचं. घडवलेला असतो मागच्या गल्लीतल्या कारागिराने. आणि तो गळ्यात कसा बसेल, ते ठरतं तो दोऱ्यात ओवणाऱ्या पटवेकऱ्याच्या हातावर. आमचं नाव कुठल्याच पावतीवर नसतं. त्याची तक्रार नाही, पण दोरा हा दागिन्यातला सगळ्यात किरकोळ भाग असं कुणी म्हटलं, तर मात्र मी वाद घालते.

साजाचं एक पान हातात घेऊन बघा. मासा, कासव, कारलं, चंद्र, कोणतंही. दिसायला भरीव, पण सोनं फक्त वरच्या पत्र्याचं. कारागीर पातळ पत्रा ठशावर दाबून पानाचा उठाव काढतो, मागून सपाट पत्रा झाळतो, दोन्ही बाजूंना कड्या झाळतो आणि मग पोकळीत लाख भरतो. लाख नसेल तर बोटाच्या दाबानेही पान चेपतं. बोरमाळेच्या मण्यांचंही तेच. शेतकऱ्याच्या घरात गुंजेगुंजेने सोनं साठायचं. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. तेवढ्यातच गळाभर दागिना व्हायला हवा, म्हणून ही युक्ती. जुन्या पूर्ण साजात २१ पानं. त्यांत १० दशावतारांची, ८ अष्टमंगलाची, उरलेल्यांत माणिक आणि पाचू. आता १०-१२ पानांवर भागतं, मध्ये जवमणी घालतात.

एकदा आत लाख गेली की त्या पानाला पुन्हा आच दाखवता येत नाही. लाख वितळून बाहेर येते, पत्रा काळवंडतो, कधी फुगतो. म्हणजे भरलेली पानं एकमेकांना झाळून जोडणं अशक्य. ती ओवायलाच हवीत, तारेत नाहीतर दोऱ्यात. माझा धंदा उभा आहे तो या एका अडचणीवर. लोकांना वाटतं, दोरा ही जुनी पद्धत आणि साखळी ही सुधारणा. लाखेच्या दागिन्याला ओवण्यावाचून दुसरा मार्गच नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

परवा एक मुलगी सासूबाईंची ठुशी घेऊन आली. म्हणाली, "काकू, नायलॉनच घाला. पुन्हा तुटायचं नावच नको." मी म्हटलं, "अगं, तुटावा म्हणूनच रेशीम." ती हसली. तिला वाटलं, मी गिऱ्हाईक बांधून ठेवतेय. पण लहान मूल कडेवर असतं, ते गळ्यातलं धरून ओढतं. त्या ओढीला काहीतरी सुटायला हवंच. रेशीम सुटलं तर मणी पदरात पडतात, संध्याकाळपर्यंत मी पुन्हा गाठवून देते. नायलॉन सुटत नाही. मग मण्याच्या भोकाची कड फाटते, साज असेल तर पानाची कडी उपटून येते. ती परत बसवायची तर लाख काढा, झाळा, पुन्हा भरा. एका कडीपायी पान नवं करण्याइतकं काम. इतका पातळ पत्रा ते दोनदा सोसेल, याची खात्री कुठलाही कारागीर देणार नाही. काळे मणी, नुसते मोती, बेन्टेक्सच्या माळा यांना नायलॉन खुशाल घाला, मीही घालते.

ठुशी गाठवताना मी जमिनीवर बसते आणि दोऱ्याचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवते. माझ्या सासूबाई तसंच करायच्या. टेबलाला आकडा ठोकून पाहिला, पण अंगठ्याला दोऱ्याचा ताण कळतो तसा आकड्याला कळत नाही. आधी प्रत्येक मण्याचं भोक तपासायचं. आत लाख आलेली असेल तर कोमट सुईने वाट मोकळी करायची. सुई जरा जास्त तापली की मण्यातलीच लाख सरकते. कडेला धार असेल तर सोनाराकडून घासून आणायची, नाहीतर दोरा महिनाभरात कातरतो. मग रेशमाला मेण लावायचं. मणी ओवून नखाने दाबत दाबत बसवायचे. सैल राहिले तर ठुशीला पोट सुटतं. फार आवळले तर ती ताठ उभी राहते, गळ्याला टेकतच नाही. मधला अंदाज सांगून येत नाही. माझ्या हाताखालच्या दोन मुली रोज याच जागी अडतात. अडू देत, मी मुद्दाम बोलत नाही.

मागे गोफ, गोंडा आणि सरकती गाठ. या गाठीमुळे लग्नातली ठुशी पुढे अंग भरल्यावरही येते आणि तीच सुनेच्या गळ्यातही बसते. हल्ली मागे मापाची साखळी आणि आकडा मागतात. देते, गिऱ्हाईक म्हणेल ते. पण दिसायला ते मला आवडत नाही.

१९६३ साली सुवर्णनियंत्रण आलं आणि १४ कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला बंदी झाली. सोनारांचे फार हाल झाले. सासरे सांगायचे, त्या दिवसांत आमच्याकडे मात्र जुनं गाठवायला यायचं. नवं होत नाही म्हटल्यावर घरातली बोरमाळ, पुतळ्यांची माळ बायका जिवापाड जपायला लागल्या.

तुमच्या कपाटात अशी एखादी माळ असेल तर काढून पाहा. दोरा मळकट, कडक झाला असेल तर तुटायची वाट बघू नका, बदलून घ्या. गरम पाण्यात धुऊ नका. दुरुस्तीला देताना आत लाख आहे हे सोनाराला आधी सांगा. वजन समोर करून चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि मोडीत घालायला निघालात तर लाखेचं वजन वजा होणार, हे आधीच धरून चला.